पदवी घेतली, आता चॅप्टरमध्ये माझं काय काम?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारी मुलगी गेल्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली. चारही वर्षं अल्फा फाय ओमेगात (थोडक्यात ए-फाय-ओ, सेवाकाम करणारी कॉलेजातल्या मुलांची संघटना) होती, शेवटच्या वर्षी सर्व्हिस व्हाइस प्रेसिडेंट, म्हणजे सेवेचे प्रकल्प सांभाळणारी. नोकरीसाठी न्यू जर्सीत आली आहे आणि घरापासून वीस मिनिटांवरच्या कॉलेजात ए-फाय-ओचं चॅप्टर, म्हणजे शाखा, आहे. तिथे जाऊन काम करावंसं वाटतं, पण ‘हिचं कॉलेज अजून सुटत नाही’ असं पोरं म्हणतील याची धास्ती आहे. जुन्या चॅप्टरचा ग्रुप फोनवरून काढवत नाही. आणि आई म्हणते, एवढी हौस आहे तर मराठी विश्वच्या (न्यू जर्सीतलं मराठी मंडळ) गणपतीला वाढपात उभी राहा.

वयानं लहान दिसतेस म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. मी २००९ साली बाहेर पडले. पहिलं वर्ष काहीच केलं नाही, पुढची तीन वर्षं चुकीच्या पद्धतीनं केलं, आणि तेव्हापासून मध्य जर्सीतल्या एका चॅप्टरची ॲडव्हायझर आहे. पुढे जे सांगते त्यातलं निम्मं त्या तीन वर्षांत शिकलेलं आहे.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. ‘सेवा’ हा शब्द त्यात एकदा आलाय. बाकी सगळं शुक्रवारच्या मीटिंगनंतर मिळून जेवायला जाण्याबद्दल, आपल्या ‘लिटल’बद्दल (चॅप्टरमध्ये जिला आपण हाताशी धरतो ती नवी सदस्य) आणि नव्या गावात शनिवार कसा खायला उठतो त्याबद्दल आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही तसंच झालं होतं. पण ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. माणसं हवी असतील तर ए-फाय-ओच्या माजी सदस्यांच्या अल्युम्नाय असोसिएशन शोध, तिथे तुझ्यासारखेच नोकरी करणारे, भाडं भरणारे लोक भेटतील. नुसती सेवा हवी असेल तर जवळची कुठलीही फूड बँक तुला या शनिवारीच कामाला लावेल, त्यासाठी चॅप्टरची गरज नाही. चॅप्टरला तुझी गरज आहे ती तिसऱ्याच कारणासाठी. सँडविच बांधायला त्यांच्याकडे चाळीस हात आहेत, तुझी भर पडून ते बेचाळीस होणार, एवढंच.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ए-फाय-ओ ही अमेरिकेतल्या कॉलेजांमधली सेवा करणारी फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांची बंधुसंघटना. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी, लाफायेट कॉलेजात १६ डिसेंबर १९२५ ला फ्रँक रीड हॉर्टन यांनी सुरू केली. मूळ स्काउटिंगचं, त्यामुळे सुरुवातीला स्काउट असलेल्यांनाच घेत. बायकांना रीतसर सदस्यत्व मिळालं ते १९७६ साली, पण म्हणायची पद्धत जुनीच राहिली: मुलगा असो वा मुलगी, सगळे ‘ब्रदर’. माझ्या सासूबाईंना मी पहिल्यांदा सांगितलं की मीही तिथे ब्रदर आहे, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. फ्रॅटर्निटी म्हटलं की लोकांना बिअरचं पिंप दिसतं, इथे मात्र स्वतःचं घर नाही, बंगला नाही, वर्गात मीटिंग आणि शनिवारी काम.

आईला सांगताना ‘आपल्या एनएसएससारखं’ असं सांगतेस ना? मीही तेच सांगायचे. माझी आत्या कऱ्हाडकडच्या एका कॉलेजात एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होती, त्यामुळे फरक मला जवळून कळला. एनएसएस १९६९ पासूनची सरकारी योजना. कार्यक्रम अधिकारी प्राध्यापक असतो, शिबिराचं गाव तो ठरवतो, अनुदानाचा हिशोब तो देतो. मुलं बदलतात, अधिकारी काही वर्षं तरी तोच. ए-फाय-ओत सगळं उलटं आहे. वर्गणी मुलांची, निवडणूक मुलांची, मत मुलांचं. एकोणीस वर्षांची पोरगी संस्थांना फोन करते, वेळा ठरवते, निस्तरते. ॲडव्हायझर सल्ला देतो, मत देत नाही. या व्यवस्थेचं सगळं शिक्षण त्यातच आहे आणि तिची सगळी गळतीही. तुझी जागा त्या गळतीपाशी आहे.

म्हणजे काय ते एका प्रसंगावरून सांगते. फेब्रुवारीचा शनिवार, सकाळी सव्वाआठ. चॅप्टरनं स्काउटांसाठी मेरिट बॅज दिवस ठेवला होता, म्हणजे एकेक विषय शिकून त्याचा बिल्ला मिळवायचा. ईगल, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा स्काउट, व्हायला एकवीस बॅज लागतात, त्यामुळे अशा दिवसांना पोरांची झुंबड असते. मी फक्त कॉफीचे दोन खोके आणि डोनट पोचवायला गेले होते. बाहेर उरलंसुरलं बर्फ, आत नावनोंदणीचं टेबल, आणि टेबलामागे सर्व्हिस व्हाइस प्रेसिडेंट, सेकंड इयरची, हातात क्लिपबोर्ड. एका तुकडीत मुलीही होत्या आणि त्यांची लीडर बाई आजारी पोरामुळे घरीच अडकली होती. स्काउटिंगचा नियम असा: कार्यक्रमाला किमान दोन नोंदणीकृत मोठी माणसं, दोघंही एकवीस पूर्ण केलेली, आणि मुली असतील तर त्यांच्यासोबत नोंदणीकृत, एकवीस पूर्ण केलेली बाई असलीच पाहिजे. स्काउटचा शर्ट घातलेल्या एका बापानं शांतपणे विचारलं, “तुमच्याकडे कोण आहे?” त्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं. माझं वय तेव्हा एकवीसच्या कितीतरी पुढे गेलेलं, बाई तर मी आहेच, पण नोंदणी? केलेली नव्हती. डोनटचा खोका हातात धरून उभी राहिले. शेवटी दुसऱ्या तुकडीची एक आई चाळीस मिनिटं गाडी चालवत आली. तोवर त्या सहा मुली पार्किंगमध्ये व्हॅनच्या काचेवर बोटांनी चित्रं काढत बसल्या होत्या. फर्स्ट एडचा पहिला तास त्यांचा बुडाला.

त्या दिवशी त्या इमारतीत उत्साही, हुशार तीसेक कॉलेजकुमार होते. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे नव्हतं ते एकच: वय. तू बावीस-तेवीसची आहेस, म्हणजे ते तुझ्याकडे आहे. म्हणून पहिलं काम हे कर: स्काउटिंग अमेरिकेत (पूर्वीचं बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका, २०२५ पासून हे नाव) प्रौढ म्हणून नोंदणी. पार्श्वभूमीची तपासणी होते, मुलांच्या सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते वेळोवेळी पुन्हाही करावं लागतं. एक संध्याकाळ जाते. त्यातच मेरिट बॅज काउन्सेलर म्हणून एखादा विषय घेता आला तर उत्तम, तुझ्या नोकरीचाच विषय असला तर आणखी उत्तम. हे काम आधी करून ठेवायचं असतं, ऐन सकाळी ते होत नाही.

दुसरी गोष्ट गाडी. ऐकायला अगदीच रूक्ष वाटेल, पण माझ्या पंधरा वर्षांतलं सगळ्यात उपयोगी दान म्हणजे आमची जुनी सिएना व्हॅन. कॅम्पसवर राहणाऱ्या पोरांकडे गाडी नसते आणि जर्सीत बसनं शनिवारी सकाळी सातला कुठे पोचायचं म्हणजे परीक्षाच. मात्र आधी आपल्या विमा कंपनीला फोन कर आणि स्वयंसेवी कामासाठी लोकांना नेलं तर चालतं का ते सरळ विचार. धर्मादाय संस्थेच्या कामासाठी चालवलेल्या मैलांची करात मैलाला १४ सेंट वजावट मिळते, तीही तू खर्च तपशीलवार दाखवत असशील तरच. तुझ्या वेळेची शून्य. तेव्हा त्या आशेवर वही ठेवू नकोस.

आता तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: आठवण. चॅप्टरची आठवण फार तर चार वर्षांची, आणि पदं सेमिस्टरला नाहीतर वर्षाला बदलतात, म्हणजे प्रत्यक्षात वर्षभराचीच. शेल्टरमधल्या कुठल्या बाईंना फोन करायचा, गरजूंना शिधा देणाऱ्या कुठल्या पँट्रीला काचेच्या बरण्या चालत नाहीत, कुठल्या वृद्धाश्रमात दुपारी दोनला गेलं तर सगळे झोपलेले असतात, हे दर मे महिन्यात टोपी-गाऊनबरोबर निघून जातं. कोविडनंतर तर पुरता खड्डा पडला होता. २०२२ मध्ये पदाधिकारी झालेल्यांपैकी काहींनी एकही मोठा प्रकल्प प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. त्यांच्याकडे कागद होते, पण कागदावर ‘बरण्या नकोत’ असं कोणी लिहीत नाही.

त्याच वर्षीचं उदाहरण. फॉलमध्ये पोरांनी दोन रक्तदान शिबिरं ठरवली, पहिलं २७ सप्टेंबरला, दुसरं १५ नोव्हेंबरला. वेळापत्रक माझ्याकडे आलं आणि मला लगेच खटकलं, कारण पूर्ण रक्त दिल्यावर पुन्हा द्यायला ५६ दिवस थांबावं लागतं आणि या दोन तारखांत ४९ होते. पहिल्या शिबिराला येणारे भरवशाचे दाते दुसऱ्या वेळी दारातूनच परत जाणार. पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे तारीख बदलून ईमेल टाकली असती. तेव्हा मी मीटिंगमध्ये फक्त विचारलं, “पहिल्या वेळी दिलेल्यांना दुसऱ्या वेळी देता येईल ना?” एकानं फोन काढला, दुसऱ्यानं बोटं मोजली, मग जरा वेळ शांतता. दुसरं शिबिर २९ नोव्हेंबरला गेलं. पुढच्या सेमिस्टरला नव्या व्हाइस प्रेसिडेंटनं कोणी न सांगता पहिल्यांदा दिवस मोजले. मी नुसतं सांगितलं असतं तर ती मोजदाद माझ्याकडेच राहिली असती.

‘पूर्वीची मी’ म्हणजे कोण तेही सांगते, कारण तुझा स्वभाव तुझ्या लिहिण्यावरून मला ओळखीचा वाटतोय. पदवीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एका चॅप्टरकडे गेले आणि ‘मदत’ म्हणून डबाबंद अन्न जमवण्याचा आख्खा कार्यक्रम उभा केला. पँट्रीशी मी बोलले, पत्रक मी केलं, खोके मी आणले, तारीख मी ठरवली. त्या दिवशी चार जण आले. डबे मात्र दोनशेच्या वर जमले, पँट्री रविवारी बंद, त्यामुळे ते गुरुवारपर्यंत माझ्या गराजमध्ये, आणि गाडी बाहेर पावसात. मी फणफणत प्रेसिडेंटकडे गेले. वीस वर्षांचा पोरगा, अतिशय सभ्य. म्हणाला, “थँक यू, पण हे आम्ही कधी मताला टाकलंच नव्हतं.” राग यायचा तेवढा आला. घरी पोचेपर्यंत लक्षात आलं की तो बरोबर आहे. मी माझं व्हाइस प्रेसिडेंटपद दुसऱ्याच्या चॅप्टरमध्ये जाऊन पुन्हा उपभोगत होते.

तेव्हा चॅप्टर कुठलं निवडावं यावर माझं मत ठाम आहे. तुझ्या जुन्या चॅप्टरपासून निदान वर्षभर लांब राहा. ग्रुप सोड. तुझ्या मागच्या वर्षीची मुलगी आता तुझ्या पदावर आहे, आणि तू ग्रुपमध्ये गप्प बसलेली असलीस तरी ती प्रत्येक निर्णय तुझ्याकडे बघून घेणार. मैत्रिणींना वेगळं भेट, लग्नाला जा, लिटलच्या पदवीदानाला फुलं घेऊन जा. काम मात्र नव्या गावातल्या चॅप्टरमध्ये. तिथे तुझा कोणी एक्स नाही, जुनं भांडण नाही, ‘आमच्या वेळी’ म्हणायची सोय नाही.

‘आमच्या वेळी’वर जरा थांबते. प्लेज झालेल्या, म्हणजे नव्यानं सदस्य होऊ घातलेल्या, पोरांना त्रास देण्याच्या (हेझिंगच्या) ‘परंपरा’ बहुतेक वेळा कोणा माजी सदस्याच्या गप्पांतूनच परत येतात. ए-फाय-ओत हेझिंगला बंदी आहे, आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या केंद्रीय कायद्यानं कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीरपणे नोंदवणं भाग पाडलं आहे. तू गमतीत सांगितलेला किस्सा, रात्री दोनला उठवून काहीतरी पाठ करून घेतल्याचा, तिथे बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला नियम वाटू शकतो. असले किस्से आपल्या बॅचसाठी राखून ठेव.

दारूचंही तसंच, फक्त अधिक कडक. तू एकवीसच्या वर, ते बरेचसे खाली. कोणी कितीही लाडीगोडी लावली तरी त्यांच्यासाठी बाटली विकत आणायची नाही, आपल्या घरी पार्टी ठेवायची नाही. हा गुन्हा आहे आणि तो तुझ्या नावावर लागेल. पैशांबद्दल एवढंच की एखाद्या पोराच्या खासगी व्हेन्मोवर (फोनवरून पैसे पाठवायचं ॲप) काही पाठवू नकोस, चॅप्टरच्या खात्यात दे आणि कशासाठी ते लिहून दे. वीस डॉलर असले तरी.

वेळ किती द्यावा हे मी सांगू शकत नाही, ते तुझ्या नोकरीवर आणि त्या चॅप्टरच्या तब्येतीवर आहे. साठ जणांचं, व्यवस्थित चाललेलं चॅप्टर असेल तर महिन्याला एक मीटिंग आणि एक शनिवार पुरे, ते तुला फारसं काही विचारणारही नाहीत आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आठ-दहा जणांवर आलेलं चॅप्टर असेल तर ते तुला गिळून टाकतील. तिथे सुरुवातीलाच सांग की मी एवढंच करणार. रीतसर ॲडव्हायझर व्हायचं की नाही तेही लगेच ठरवू नकोस. एक सेमिस्टर नुसती ये-जा कर. चॅप्टरला कॉलेजातले प्राध्यापक-कर्मचारी ॲडव्हायझर असतातच, त्यांना आधी भेट, नाहीतर त्यांना वाटतं ही कोण उपटसुंभ. प्रौढ माणसाच्या खांद्यावर ही संस्था पूर्वीपासून चालत आलीय म्हणा: १९३१ ते १९४६ राष्ट्रीय अध्यक्ष असलेले एच. रो बार्टल पुढे कॅन्सस सिटीचे महापौर झाले, आणि त्यांच्या ‘चीफ’ या टोपणनावावरून तिथल्या फुटबॉल संघाचं नाव पडलं. नवऱ्याला ए-फाय-ओबद्दल लक्षात राहिलेली ही एकमेव गोष्ट.

तू व्हिसाचं काही लिहिलेलं नाहीस, पण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणी एच-वन (नोकरीचा व्हिसा), एच-फोर (जोडीदाराचा) किंवा ओपीटीवर (शिक्षणानंतरची तात्पुरती कामाची परवानगी) असतील म्हणून सांगते. जे काम त्या जागी नेहमीच बिनपगारी लोक करतात, ते करायला साधारणपणे अडचण नसते. जिथे एरवी पगारी माणूस असतो, तिथे तुम्ही फुकट केलंत तरी ती नोकरी धरली जाऊ शकते. चॅप्टरबरोबर फूड बँकेत बटाटे निवडणं पहिल्यात बसतं. एखाद्या संस्थेची वेबसाइट चालवून देणं कदाचित नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, मला नको.

आता तुझी आई. वाढपाला उभी राहाच. तिथे तू कोणाची मुलगी आहेस हे लोकांना माहीत असतं, चार काकू जेवलीस का विचारतात, आणि तुझा तो शनिवार भरून निघेल. मी दोन्ही करते. एकदा तर चॅप्टरच्या सहा पोरांना गणपतीच्या जेवणानंतर टेबलं आवरायला घेऊन गेले होते. त्यांचे सेवेचे तास भरले आणि मोदक किती खाल्ले याची नोंद नाही. तो प्रस्ताव मात्र त्यांनी आधी मताला टाकला होता.

पहिला ईमेल लहान ठेव. आपण कोण, कुठल्या चॅप्टरच्या, कधी बाहेर पडलीस. मग तीनच गोष्टी: माझ्याकडे गाडी आहे, मी एकवीसच्या वर आहे आणि स्काउटिंगची नोंदणी करते आहे, महिन्यातला अमुक शनिवार मोकळा आहे. ‘तुम्हाला उपयोग होईल असं काही असेल तर कळवा.’ व्हाइस प्रेसिडेंट होते हे लिहू नकोस. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर मिडटर्म चालू असतील, पुन्हा पाठव.